प्रवासातली महागडी खरेदी आणि मोठ्या खर्चाची बचत: हिशेब महिन्यांत मांडा

परदेशातल्या दुकानात चामड्याची पर्स किंवा घड्याळ हातात आलं की निर्णय दहा मिनिटांत होतो. पैसे मात्र ज्या खात्यातून जातात, ते भरायला वर्षं लागलेली असतात. म्हणून काय घ्यायचं आणि किती खर्च करायचा हे घरीच ठरवून निघावं. दुकानात फक्त वस्तू तपासायची. ते कसं जमवायचं, हे पुढे क्रमाने दिलं आहे. पहिल्यांदाच परदेशी निघालेल्यांची सगळ्यात जास्त गफलत कर-परतावा (खरेदीवर भरलेला कर देश सोडताना परत मिळणं) आणि कस्टम्स यांत होते, त्यामुळे त्या भागावर जरा जास्त लिहिलं आहे.

पायरी १: मोठा खर्च तारखेसह लिहा

कागदावर तीन आकडे लिहा: मोठ्या खर्चासाठी एकूण किती हवेत, आज हातात किती आहेत आणि दर महिन्याला किती बाजूला पडतात. समजा, घराच्या आगाऊ रकमेसाठी १२,००,००० हवेत, ७,२०,००० जमले आहेत आणि महिन्याला २०,००० साठतात. उरले ४,८०,०००, म्हणजे २४ महिने. आता खुणावणारी पर्स १,००,०००ची असेल, तर ती या घराला पाच महिन्यांनी लांबवते.

किंमत अशी महिन्यांत मोजली की तुलना खरी होते. एक लाख हा आकडा प्रवासात फारसा बोचत नाही, कारण विमानाचं तिकीट आणि हॉटेल यांनी डोळ्यांना मोठ्या आकड्यांची सवय लावलेली असते. ‘घर पाच महिने पुढे’ हे मात्र लगेच कळतं. कधी कधी उत्तर ‘चालेल’ असंही येतं, आणि ते आलं तर वस्तू निर्धास्तपणे घ्यावी. वर्षानुवर्षं मनात असलेली एक चांगली वस्तू घेण्यात गैर काहीच नाही.

जोडीदारासोबत निघत असाल तर मर्यादा दोघांनी मिळून ठरवा: या सहलीतल्या खरेदीमुळे मोठा खर्च जास्तीत जास्त किती आठवडे लांबला तर चालेल? बहुतेकांना चार ते सहा आठवडे झेपतात. वरच्या उदाहरणात चार आठवडे म्हणजे साधारण २०,०००. एवढी खरेदी मोठ्या बचतीच्या जिवावर करता येईल. त्यापुढची रक्कम वेगळी साठवावी लागेल.

पायरी २: चार कप्पे करा

पहिला कप्पा अडीअडचणीचा, तीन ते सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढा. दुसरा मोठ्या खर्चाचा. तिसरा सहलीचा: तिकीट, राहणं, खाणं, विमा, स्थानिक प्रवास. चौथा फक्त त्या एका महागड्या वस्तूचा. हे चारही वेगवेगळ्या खात्यांत असले तर उत्तम. एकाच खात्यात ठेवून मनातल्या मनात भाग पाडले, तर प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी ते भाग एकमेकांत मिसळलेले असतात.

चौथा कप्पा सहलीच्या दहा-बारा महिने आधी सुरू करा. १,००,०००ची वस्तू घ्यायची तर महिन्याला साधारण ८,५०० लागतील. हे पैसे दुसऱ्या कप्प्यातून काढायचे नाहीत, रोजच्या खर्चातून वाचवायचे. ते वाचत नसतील तर वस्तू सध्या परवडत नाही, एवढा साधा अर्थ घ्यावा. निघण्याच्या दिवशी कप्पा ७०,०००वर थांबला असेल तर ७०,०००मध्ये बसणारी वस्तू बघा किंवा ती पुढच्या सहलीवर ढकला. वरचे ३०,००० दुसऱ्या कप्प्यातून उचलले की सगळी मांडणी कोलमडते, कारण एकदा उचलले की पुन्हा उचलायला हात कचरत नाही.

पगाराच्या दिवशी मोठ्या खर्चाच्या खात्यात आपोआप जाणारी रक्कम सहलीच्या महिन्यातही चालू ठेवा. ‘या महिन्यात राहू दे’ म्हणून ती थांबवली की पुन्हा सुरू करायला सहज दोन-तीन महिने जातात. क्रेडिट कार्डावर आधीचीच थकबाकी असून तिच्यावर व्याज चढत असेल, तर चौथा कप्पा उघडूच नका. आधी ती फेडा.

पायरी ३: वस्तूची खरी किंमत काढा

दुकानातल्या चिठ्ठीवरची किंमत ही फक्त सुरुवात असते. पूर्ण हिशेब असा मांडा:

चिठ्ठीवरची किंमत (स्वतःच्या चलनात): १,००,०००
वजा, प्रत्यक्ष हातात येणारा कर-परतावा: १२,०००
अधिक, कार्डावरचा परकीय चलनाचा आकार ३ टक्के: ३,०००
अधिक, मायदेशी भरावं लागणारं सीमाशुल्क, समजा १५ टक्के: १५,०००
एकूण: १,०६,०००

हीच वस्तू आपल्या देशातल्या अधिकृत दुकानात १,१५,०००ला मिळत असेल, तर बचत ९,०००ची आहे, ती काही फार मोठी नाही. १,०५,०००ला मिळत असेल तर परदेशात घेण्याचा पैशांच्या दृष्टीने फायदाच नाही. शिवाय घराजवळच्या दुकानात बदलून घेणं आणि दुरुस्ती दोन्ही सोपं असतं. म्हणून निघण्याआधी मॉडेलचं नाव, क्रमांक, रंग आणि आपल्याकडची किंमत फोनमध्ये नोंदवून ठेवा. तिथे उभं राहून शोधायला गेलं की विक्रेता बोलत असतो, नेट रेंगाळतं आणि माणूस अंदाजाने हो म्हणतो.

सीमाशुल्काची सूट आणि दर प्रत्येक देशाचे वेगळे असतात आणि बदलत राहतात. आपल्या देशाच्या कस्टम्सच्या अधिकृत संकेतस्थळावरचा आकडा निघायच्या आठवड्यात बघा. दोन गोष्टींत हमखास चूक होते. एक, नवरा-बायकोची सूट एकत्र करून एकच महागडी वस्तू आणता येईल असं गृहीत धरलं जातं. अनेक देशांत एका वस्तूसाठी एकाच व्यक्तीची सूट धरतात. दोन, खोकं टाकून घड्याळ मनगटावर बांधलं की ते ‘वापरातलं’ ठरतं असा समज. नियम वस्तूच्या मूल्यावर असतो, आणि जाहीर न केल्याबद्दल होणारा दंड वाचवलेल्या पैशांपेक्षा मोठा असू शकतो. घरूनच महागडं घड्याळ किंवा दागिना घालून निघणार असाल तर काही देशांत जाताना कस्टम्सकडून त्याचा दाखला घेता येतो. परतताना तीच वस्तू नवी समजली जाऊ नये म्हणून तो उपयोगी पडतो.

पायरी ४: कर-परतावा समजून घ्या

सगळ्यात मोठा गैरसमज टक्केवारीचा. एखाद्या देशात मूल्यवर्धित कर (व्हॅट) २० टक्के आहे म्हणजे २० टक्के परत मिळतील असं नाही. हा कर मूळ किमतीवर लावून चिठ्ठीवरची किंमत बनते, त्यामुळे १,००,०००मध्ये कर १६,६६७ एवढाच असतो. त्यातून परतावा देणाऱ्या कंपनीचं शुल्क जातं, आणि हातात साधारण १० ते १३ टक्के येतात. रोख घेतलात तर आणखी थोडी कात्री लागते. हिशेबात १२ टक्के धरावेत. पावतीसोबत मिळणाऱ्या फॉर्मवर परताव्याची नेमकी रक्कम छापलेली असते, ती दुकानातच वाचा.

किमान खरेदीची अट देशागणिक वेगळी आहे. फ्रान्समध्ये एकाच विक्रेत्याकडे १०० युरोंपेक्षा जास्त खरेदी हवी. जर्मनीत २०२० पासून ५० युरोंपेक्षा जास्त, इटलीत फेब्रुवारी २०२४ पासून ७० युरोंपेक्षा जास्त. स्पेनने २०१८ मध्ये किमान रकमेची अटच काढून टाकली. सिंगापुरात मर्यादा १०० सिंगापूर डॉलरची आहे, ऑस्ट्रेलियात एकाच व्यावसायिकाकडून ३०० ऑस्ट्रेलियन डॉलरची, आणि तीही निघण्याच्या आधीच्या ६० दिवसांतली. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये सोबत न्यायच्या खरेदीवरची परताव्याची सोय १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे. जुनी माहिती वाचून लंडनमध्ये मोठी खरेदी करणाऱ्यांचा इथेच विरस होतो. अमेरिकेत राज्यांचा विक्रीकर पर्यटकांना साधारणपणे परत मिळत नाही. जपानात दुकानातच कर वजा करून देत. १ नोव्हेंबर २०२६ पासून तिथे आधी करासह पूर्ण पैसे भरायचे आणि देश सोडताना पडताळणी झाल्यावर परतावा घ्यायचा अशी पद्धत येते. म्हणजे परतावा खात्यात येईपर्यंत पूर्ण रक्कम तुमच्याकडे मोकळी हवी.

युरोपीय संघात खरेदी केली तर क्रम असा:

१. पैसे देण्याआधी ‘टॅक्स फ्री फॉर्म मिळेल का’ हे विचारा. सगळी दुकानं तो देत नाहीत.
२. पासपोर्ट दाखवा. फॉर्मवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. एक अक्षर चुकलं तरी तिथेच दुरुस्त करून घ्या.
३. वस्तू न वापरता, मूळ वेष्टनात ठेवा. खरेदीचा महिना संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती संघाबाहेर गेली पाहिजे.
४. विमानतळावर चेक-इनच्या आधी कस्टम्सच्या खिडकीवर किंवा यंत्रावर फॉर्म मंजूर करून घ्या. फ्रान्समध्ये ‘पाब्लो’ नावाची यंत्रं आहेत, फॉर्मवरचा बारकोड दाखवला की काम होतं.
५. मंजुरीनंतर परतावा कंपनीच्या खिडकीवर जा किंवा फॉर्म घातलेला लिफाफा तिथल्या पेटीत टाका. मंजूर फॉर्मचा फोटो आधी काढून ठेवा.

चौथ्या टप्प्यावर सगळ्यात जास्त पैसे बुडतात. वस्तू मोठ्या बॅगेत भरून ती आधीच चेक-इन केली, मग अधिकाऱ्याने ‘वस्तू दाखवा’ म्हटलं की दाखवायला काही नसतं आणि शिक्का मिळत नाही. दुसरी अडचण विमान बदलताना येते. मंजुरी संघातून बाहेर पडण्याच्या शेवटच्या ठिकाणी घ्यायची असते. पॅरिसहून फ्रँकफुर्टमार्गे परतत असाल आणि वस्तू केबिन बॅगेत असेल तर ती फ्रँकफुर्टला दाखवायची. थेट शेवटच्या मुक्कामापर्यंत जाणाऱ्या मोठ्या बॅगेत असेल तर पॅरिसलाच. इटलीतून रेल्वेने स्वित्झर्लंडला जाऊन तिथून परतणार असाल तर शिक्का सीमेवर घ्यावा लागतो, कारण स्वित्झर्लंड संघात नाही. या कामासाठी विमानतळावर नेहमीपेक्षा दीड तास जास्त ठेवा.

आणि परतावा म्हणजे ‘मिळालेले पैसे’ नव्हेत. विमानतळावर रोख हातात आली की ती तिथल्याच दुकानांत संपते. परतावा कार्डावरच घ्या.

पायरी ५: पहिल्या दिवशी फक्त बघा

सहलीच्या पहिल्या दोन दिवसांत महागडं काही घेऊ नका. झोप पुरी झालेली नसते, नव्या चलनाचा अंदाज आलेला नसतो. एका चलनात शून्यं जास्त, दुसऱ्यात कमी, आणि ‘फक्त ९००’ वाचताना मन नकळत आपल्या चलनातले ९०० धरतं. यावर उपाय म्हणजे फोनच्या पडद्यावर एक छोटी चिठ्ठी: त्या चलनातले १००, ५०० आणि १,००० म्हणजे आपले किती, आणि आपल्या बचतीचे किती आठवडे.

आवडलेल्या वस्तूचा आणि किमतीच्या चिठ्ठीचा फोटो काढून बाहेर पडा. दोन रात्री जाऊ द्या. ‘शेवटचा नग आहे’ हे खरं असू शकतं, तरीही थांबा, किंवा एक दिवस राखून ठेवायला सांगा. चांगली दुकानं बहुतेक वेळा ठेवतात. खरेदीचा दिवस शेवटून दुसरा असावा. अगदी शेवटच्या दिवशी फॉर्ममधली चूक सुधारायला किंवा वस्तू बदलायला वेळ उरत नाही.

पायरी ६: वस्तू हातात घेऊन तपासा

चामड्याची पर्स घ्या. आधी हँडल जिथे पर्सला जोडलेलं असतं तिथली शिवण बघा, कारण सगळं वजन तिथे येतं. टाके एकसारख्या अंतरावर हवेत, धाग्याचं टोक लोंबता कामा नये. मग कडा. चांगल्या पर्सच्या कडांवर रंगाचे अनेक थर देऊन त्या घासून गुळगुळीत केलेल्या असतात. कडेवर बोट फिरवून ती हलकेच वाकवा. रंगाला चीर दिसली तर वर्षभरात तो सुटू लागेल. चेन दहा वेळा उघडा-बंद करा, विशेषतः वळणावर. आत स्वतःचा फोन, पाकीट, चष्म्याचं घर आणि पाण्याची बाटली ठेवून बघा. रिकामी पर्स खांद्यावर नेहमीच छान वाटते. पदार्थ कोणता हेही विचारा. अनेक नामवंत पर्सचा मोठा भाग चामड्याचा नसून लेप दिलेल्या कापडाचा असतो. ते टिकाऊ असतं, पण चामडं समजून पैसे देऊ नयेत. ‘जेन्युइन लेदर’ या शब्दांवरून चामड्याची प्रत कळत नाही.

घड्याळ असेल तर त्याच्यावरचा अनुक्रमांक आणि हमीपत्रावरचा अनुक्रमांक जुळवा. हमीपत्रावर तारीख आणि दुकानाची नोंद हवी. ‘स्विस मेड’ लिहिण्यासाठी २०१७ पासून उत्पादन-खर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला असावा लागतो. यांत्रिक घड्याळाला काही वर्षांनी सर्व्हिसिंग लागतं आणि ते स्वस्त नसतं, तेव्हा तो खर्चही आत्ताच हिशेबात धरा.

दागिन्यावरचे छाप वाचायला शिका: सोन्यावर ९१६ म्हणजे २२ कॅरेट, ७५० म्हणजे १८, ५८५ म्हणजे १४, चांदीवर ९२५. वजन विचारून त्या दिवसाच्या भावाने धातूची किंमत काढा. उरलेले पैसे घडणावळ, खडे आणि नाव यांचे. विकायला गेल्यावर मुख्यतः धातूचेच पैसे येतात, म्हणून ब्रँडच्या दागिन्याला गुंतवणूक समजू नका. पर्सचंही तेच. काही मोजकी मॉडेलं सोडली तर दुकानाबाहेर पडताच किंमत उतरते.

जिथे वस्तू बनते तिथेच ती घेण्याला आमची पसंती आहे, कारण तिथे निवड मोठी आणि खात्री करणं सोपं. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या काचेसाठी ‘वेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ हे अधिकृत चिन्ह आहे. हॅरिस ट्वीड या स्कॉटिश लोकरी कापडावर गोलकाचं चिन्ह असतं आणि १९९३ च्या ब्रिटिश कायद्यानुसार ते कापड आउटर हेब्रिडीज बेटांवर, तिथल्या विणकरांच्या घरीच हाताने विणलेलं असावं लागतं. हाताने गाठी मारलेला गालिचा उलटा केला की मागेही नक्षी तितकीच स्पष्ट दिसते आणि गाठी किंचित कमी-जास्त असतात. मागे चिकटवलेलं कापड असेल तर तो तशा विणीचा नाही. गालिचा दुकानाकडून पाठवून घेणार असाल तर त्याच्या मागच्या बाजूला स्वतःची सही करून तिचा फोटो काढा, मापं पावतीवर लिहून घ्या, आणि पोचल्यावरचं सीमाशुल्क कोण भरणार हेही लिहून घ्या. हे राहून गेलं तर दारात आलेल्या गालिच्यासाठी पुन्हा मोठी रक्कम मोजावी लागते.

मगर किंवा अजगराचं कातडं, प्रवाळ, कासवाची पाठ आणि हस्तिदंत यांपासून लांब राहा. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या, १९७५ पासून लागू असलेल्या ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय करारामुळे यांतल्या अनेक वस्तूंना परवाना लागतो किंवा त्या नेण्यावर बंदीच असते. जप्त झाली तर वस्तूही जाते, पैसेही. आउटलेटमध्ये, म्हणजे ब्रँडच्या सवलतीच्या दुकानात, जाणार असाल तर लेबल बघा. बरेच ब्रँड आउटलेटसाठी वेगळा, हलक्या प्रतीचा माल बनवतात, आणि त्यावरची ‘मूळ किंमत’ कधीच लागू नव्हती असंही होतं.

पायरी ७: पैसे देताना

यंत्रावर ‘तुमच्या चलनात की स्थानिक चलनात?’ असं विचारलं जाईल. नेहमी स्थानिक चलन निवडा. आपलं चलन निवडलं की विनिमय दर दुकानाचं कार्ड-यंत्र चालवणारी कंपनी ठरवते आणि त्यात सहज ३ ते ८ टक्के जादा जातात. विक्रेता तुमच्या वतीने बटण दाबत असेल तर यंत्र स्वतःकडे घ्या. पावतीवर आपल्या चलनातला आकडा छापला असेल तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा, ते तिथेच होऊ शकतं.

हप्त्यांचा पर्याय नको. चौथ्या कप्प्यात पूर्ण रक्कम असेल तरच कार्ड वापरा आणि त्याच रात्री तेवढी रक्कम कार्डाच्या खात्यात भरून टाका.

लहान भेटवस्तूंची गळती

मोठ्या वस्तूवर सगळं लक्ष असताना पैसे इथून निसटतात. चौदा जणांसाठी प्रत्येकी १,५०० म्हणजे २१,०००, घराच्या बचतीचा महिन्याहून जास्त. ‘सगळ्यांसाठी काहीतरी’ असं न म्हणता नावांची यादी करा, प्रत्येक नावापुढे आकडा लिहा आणि शक्यतो एकाच दुकानातून एकाच प्रकारची वस्तू घ्या. परताव्याची किमान रक्कमही त्यामुळे गाठली जाते. विमानतळावरची ‘ड्युटी फ्री’ दुकानं स्वस्तच असतात असं नाही. फरक मुख्यतः मद्य, तंबाखू आणि काही ठिकाणी अत्तरांवर दिसतो. चॉकलेट आणि शोभेच्या वस्तू अनेकदा शहरातच स्वस्त मिळतात.

परततानाचं सामान आणि परतल्यावरची कामं

महागडी वस्तू केबिन बॅगेतच ठेवा. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला लागू असलेल्या मॉन्ट्रियल करारानुसार सामानासाठी विमान कंपनीची जबाबदारी प्रतिप्रवासी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) एवढीच आहे (डिसेंबर २०२४ पासून), आणि मौल्यवान वस्तूंसाठी कंपन्यांच्या अटी त्याहून कडक असतात. बॅगेचं नुकसान झालं तर ७ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. प्रवास विम्यात एका वस्तूसाठी किती भरपाई आहे तेही बघा. एकूण रक्कम मोठी असली तरी एका वस्तूची मर्यादा बरीच छोटी असते. विमान बदलायचं असेल तर ड्युटी फ्री दुकानातून घेतलेली अत्तराची बाटली तिच्या सीलबंद पिशवीतून बाहेर काढू नका, नाहीतर पुढच्या तपासणीत १०० मिलिलिटरवरची बाटली काढून घेतली जाईल.

घरी आल्यावर पावत्या, हमीपत्र, खोकं आणि सीमाशुल्काची पावती एका पिशवीत ठेवा. दुरुस्ती, विमा किंवा पुढे विक्री, सगळ्याला हेच कागद लागतात. परताव्यासाठी दोन महिने कार्डाचं स्टेटमेंट बघत राहा आणि तो आला नाही तर मंजूर फॉर्मचा फोटो जोडून कंपनीला लिहा. आलेली रक्कम त्याच दिवशी मोठ्या खर्चाच्या खात्यात टाका. मग पायरी १ चा कागद काढा, मोठ्या खर्चासाठी अजून कमी असलेली रक्कम महिन्याच्या बचतीने भागा आणि घराची नवी तारीख जुन्या तारखेशेजारी लिहा.